लग्नाच्या हायलाइटमधून मालिका-सिनेमाच्या एडिटला जायचंय, रस्ता सांगा

चंद्रभागा_पॅसेंजर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय २४, राहणार पंढरपूर, बी.कॉम. झालंय. चार वर्षं एका फोटो स्टुडिओत लग्नाचं एडिटिंग करतोय. एडियस सॉफ्टवेअरवर रेडीमेड प्रोजेक्ट टाकायचा, हळदीला हळदीचं गाणं, पाठवणीला पाठवणीचं, नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं की स्लो मोशन. सीझनला महिन्यात पंधरा-सोळा लग्नं निघतात. हात आपोआप चालतात, डोकं लागत नाही.

मागच्या महिन्यात एका पाठवणीतलं गाणं मी काढून टाकलं आणि कॅमेऱ्याच्या माइकवर आलेला खरा आवाज ठेवला. नवरीचा बाप गाडीच्या खिडकीत वाकून ड्रायव्हरला सांगतोय, "घाटात हळू घे रे बाबा." एवढंच. मालकांनी पाहिलं, म्हणाले, "गाणं कुठंय? पार्टी पैसे देईल का?" गाणं परत टाकलं. पण तेव्हापासून मन लागत नाही.

मालिका किंवा सिनेमाच्या एडिटिंगमध्ये जायचंय. मुंबईतल्या एका इन्स्टिट्यूटने सहा महिन्यांच्या कोर्सचे अडीच लाख सांगितलेत. वडील म्हणतात, तेवढ्यात शेतात बोअर मारून होईल. शिल्लक माझ्याकडे ८० हजार आहे. कोर्स करावा का? कुठलं सॉफ्टवेअर शिकू? पुणे की मुंबई? आणि यात पोट भरतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आळशी कोकणी

या क्षेत्रातलं ओ की ठो कळत नाही. पण "घाटात हळू घे रे बाबा" वाचून घशात आवंढा आला. मालकाला सांगा, माझ्या बहिणीच्या लग्नाचं काम तुम्हालाच.

तिरकस

दोन वर्षांत एआय बटण दाबलं की पिक्चर कापून देणार आहे. बोअरच मारा. पाणी लागलं तर निदान डाळिंब तरी येईल. (हलकेच घ्या.)

बावीस मिनिटं

तिरकसराव, तुमच्याकडे नंतर येतो.

चंद्रभागा, मी मराठी डेली सोप कापतो. आयडीचं नाव त्यावरूनच. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधल्या जाहिराती वजा केल्या की हातात साधारण २२ मिनिटं उरतात. आठवड्याला सहा एपिसोड, वर रविवारचा महाएपिसोड आला तर तो वेगळा. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच तयार ठेवलेले एपिसोड, असेल तर माणसासारखं जगता येतं. बँक संपली की संध्याकाळी सातला दिसणारा एपिसोड दुपारी चारपर्यंत माझ्या टाइमलाइनवर असतो आणि मागे उभे राहून ईपी (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर) नखं खात असतात.

अडीच लाख देऊ नकोस. सहा महिन्यांत ते तुला सॉफ्टवेअरची बटणं शिकवतील, आणि ती तुला अर्धी येतातच. घरी डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती टाक. मालिकांत बहुतेक ठिकाणी प्रीमिअर चालतं, सिनेमात ॲव्हिड अजून भरपूर आहे. एक नीट आलं की दुसऱ्याला पंधरा दिवस लागतात.

मी २०११ साली आलो तेव्हा टेपवरचं फुटेज कॉम्प्युटरमध्ये घ्यायच्या कामाला लागलो. एका तासाची टेप कॅप्चर व्हायला एक तासच लागायचा, दुसरा इलाज नव्हता. रात्रभर मॉनिटरसमोर बसून राहायचं. त्या वेळी फार राग यायचा. पण त्यामुळे आठ महिने मी रोजचं सगळं रॉ फुटेज पाहत होतो: कोण वाक्य विसरतं, कुठला डायरेक्टर 'कट' उशिरा म्हणतो, कट म्हटल्यावरही कुठल्या नटाचा चेहरा दोन सेकंद खरा राहतो. आता कार्ड येतं, वीस मिनिटांत कॉपी होतं आणि नवीन मुलगा तेवढ्यात रील्स बघतो.

याचा उपयोग काय, ते सांगतो. एका सीनमध्ये सासू सुनेला टाकून बोलते. युनिटची शिफ्ट संपत आली होती म्हणून सुनेचा रिॲक्शन घेतलाच नाही. रात्री दोनला माझ्याकडे सीन आला तो नुसता सासूचा, समोर कोणी ऐकतंय याचा पत्ता नाही. असिस्टंट म्हणाला, "दादा, सहा एपिसोड मागे देवघराच्या सीनला ती अशीच उजवीकडे बघते, क्लॅप द्यायच्या आधी." काढलं. नजर जुळली, लाइट जुळला, साडीचा काठ झूम करून फ्रेमबाहेर घालवला. याला आमच्यात चीट करणं म्हणतात. ३६ फ्रेम, दीड सेकंदही नाही. सीन उभा राहिला. क्रिएटिव्ह टीम खूश, चॅनेल खूश. दुसऱ्या दिवशी आईचा फोन, "काय रे, तिची चंद्रकोर मध्येच गोल टिकली कशी झाली?"

टिकली माझ्याकडून सुटली, ते सोड. त्या असिस्टंटला क्लॅपच्या आधीचा चेहरा लक्षात होता, ते महत्त्वाचं. तो आज स्वतंत्र एडिटर आहे.

तेव्हा मुंबईला ये. असिस्टंटच्या खुर्चीत बस, पगार ऐकून रडू नको. अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोड, ओशिवरा, आरामनगर या पट्ट्यात एडिट रूम दाटीवाटीने आहेत, मालाड-गोरेगावलाही आहेत. चौघांत खोली घे. पहिलं वर्ष तुझ्या ८० हजारांतून थोडे थोडे जाणार, हे धरून चाल.

रानजाई

बावीस मिनिटंदादांशी बरीच सहमत, पण एका ठिकाणी अडले.

मी दोन वर्षं मालिकेत काढून सिनेमात असिस्टंट झाले, आता तिसरा सिनेमा चालू आहे. मालिकेने वेग दिला. पण हाताला एक खोड लावली: जो बोलतो त्याचं तोंड दाखवायचं, मग ऐकणाऱ्याचं, मग तिसऱ्या कोपऱ्यातल्या काकूंचं. माझ्या पहिल्या सिनेमाच्या एडिटरनी मला सराव म्हणून एक सीन कापायला दिला. पाहून म्हणाले, "तुला शांततेची भीती वाटते का?" सहा मिनिटांच्या सीनमध्ये मी ९० कट मारले होते. त्यांच्यात १४ होते.

म्हणून चंद्रभागा, मालिकेत जायचं तर जा, पण परतीचं तिकीट काढून जा. पाच-सहा वर्षांनी एपिसोडमागे बरे पैसे मिळायला लागतात, खोलीचा फ्लॅट होतो, ईएमआय लागतो. मग सिनेमात पुन्हा असिस्टंट म्हणून शून्यापासून बसायला कोणी तयार होत नाही.

बावीस मिनिटं

रानजाईताई, वर्मावर बोट ठेवलंत. माझा फ्लॅट विरारला आहे. २०३६ पर्यंत.

चंद्रभागा_पॅसेंजर

दोघांचेही आभार. ताई, सिनेमात असिस्टंट एडिटर नक्की करतो काय? मला वाटायचं, एडिटर थकला की थोडं कापतो.

रानजाई

हाहा. पहिल्या सिनेमात मी एकही कट मारला नाही.

शूटवरून हार्ड डिस्क येते. तिच्या दोन प्रती आधीच झाल्यात का ते बघायचं, तिसरी वेगळ्या जागी ठेवायची. कॉपी पूर्ण झाली हे डोळ्यांनी नव्हे, चेकसमने, म्हणजे दोन्ही फाइलींचे आकडे जुळतात का ते बघून, तपासायचं. मग प्रॉक्सी, म्हणजे जड फुटेजच्या हलक्या प्रती. मग सिंक: कॅमेऱ्याचं चित्र वेगळं, साउंड रेकॉर्डिस्टचा आवाज वेगळा, क्लॅपच्या दोन फळ्या चिकटतात ती फ्रेम आणि 'टक' हे जुळवायचं. मग सीन, शॉट, टेक अशी नावं, कंटिन्युइटी शीटवरच्या नोंदी आणि प्रत्येक सीनचा वेगळा बिन, म्हणजे फोल्डर. एडिटरने "बाईंचा तो हसरा टेक" म्हटलं की तीन सेकंदांत समोर यायला हवा.

खरी कसोटी पिक्चर लॉकनंतर, म्हणजे कट पक्के झाल्यावर. चित्रपट रील्समध्ये, म्हणजे भागांमध्ये, तोडायचा, साउंडवाल्यांना एएएफ, कलरवाल्यांना ईडीएल किंवा एक्सएमएल (या सगळ्या कटांची माहिती असलेल्या फाइली), व्हीएफएक्सवाल्यांना त्यांचे शॉट, पुढेमागे काही फ्रेम जास्तीच्या ठेवून. प्रत्येक रीलच्या पहिल्या चित्रफ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एक फ्रेमभर बीप टाकायची. तिला टू-पॉप म्हणतात. ही एक बीप चुकली तर पुढे सगळे एकमेकांवर ओरडत बसतात.

आणि आता माझं पाप. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमवर शूट होता. मी मालिकेतून आलेली, टीव्ही आपल्याकडे २५ वर चालतो. सवयीने प्रोजेक्ट २५ चा केला. सॉफ्टवेअर कुरकुर न करता दर सेकंदाला एक फ्रेम दोनदा दाखवून हिशेब जुळवत राहिलं. आवाज सिंकमध्ये, म्हणून कुणाला शंका नाही. चार महिने आम्ही त्यावर कापत होतो. लॉक झाला, कलरला गेला. तिथल्या माणसाने पहिल्याच रीलमधल्या एसटीच्या पॅनवर (कॅमेरा आडवा फिरतो त्या शॉटवर) थांबून विचारलं, "हा हिसका कॅमेऱ्याचा की तुमचा?"

आमचा होता. माझा होता. सगळे कट २४ वर आणून फ्रेम-फ्रेम जुळवायला नऊ रात्री लागल्या. एडिटर एक शब्द बोलले नाहीत, रोज रात्री माझ्यासाठी भुर्जीपाव मागवायचे. ते जास्त लागलं.

ट्रिमबिन

धागा वाचून जुने दिवस आठवले. माझं वय ७१. आमची सुरुवात मूव्हिओलावर, नंतर स्टीनबेक, दोन्ही फिल्म बघून कापायची यंत्रं. ताडदेव-महालक्ष्मीच्या बाजूला लॅब आणि कटिंग रूम होत्या, तिथे.

३५ मिलिमीटरच्या एका फुटात १६ फ्रेम, मिनिटाला ९० फूट. हा पाढा अजून झोपेत म्हणतो. कापून उरलेल्या तुकड्याला ट्रिम म्हणायचे. कापडी पिशवीच्या डब्यावर खिळ्यांना हे तुकडे टांगायचे. सहा फ्रेमचा तुकडा म्हणजे बोटाएवढा. साहेबांनी तीन आठवड्यांनी मागितला तर असिस्टंटने डब्यात हात घालून तोच काढायचा. रिळाच्या कडेला छापलेले एज नंबर वहीत लिहिलेले असत. वही हरवली की माणूस गावाला जायचा. रानजाईबाई, तुमचे बिन ते हेच. नावसुद्धा तेच राहिलंय.

कोर्सबद्दल. अडीच लाख खासगी ठिकाणी घालवण्यापेक्षा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा अर्ज भर. प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० साली सुरू झाली. चित्रपट संकलनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, टीव्हीच्या बाजूचा एक वर्षाचा वेगळा. कुठल्याही शाखेची पदवी चालते, म्हणजे तुझं बी.कॉम. बसतं. प्रवेश परीक्षा असते आणि जागा मोजक्या, हे खरं. कोलकात्याला सत्यजित राय यांच्या नावाची तशीच दुसरी संस्था आहे. संकलक रेणू सलुजा पुण्याच्याच संस्थेत शिकल्या. चार राष्ट्रीय पुरस्कार, त्यातला पहिला 'परिंदा'साठी. २००० साली फार लवकर गेल्या.

अवांतर होईल, पण आपल्याकडे हे काम कोणी प्रथम केलं असं विचारलं की मी सरस्वतीबाई फाळक्यांचं नाव घेतो. दादासाहेब १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या खटाटोपात असताना घरची एवढी माणसं जेवू घालून ती बाई रात्री फिल्मला छिद्रं पाडायची, रसायनं कालवायची, जोडकामाला हात लावायची. श्रेयनामावलीत नाव नाही. आजही हजार जणांनी 'सैराट' पाहिला असेल तर संकलक कुतुब इनामदार, हे सांगणारे त्यातले किती?

तिरकस

काका, इतिहास छान. पण माझा प्रश्न राहिला. मशीन कापायला लागलं की तुम्ही सगळे काय करणार?

ट्रिमबिन

मशीन एकदा येऊन गेलंय बाबा. 'द इंग्लिश पेशंट' हा संकलनाचं ऑस्कर मिळवणारा, संगणकावर कापलेला पहिला चित्रपट, १९९६ चा. त्याचे संकलक वॉल्टर मर्च यांनी तो सुरुवातीला फिल्मवर कापायला घेतला आणि मध्येच ॲव्हिडवर नेला. त्यानंतर पाच-सहा वर्षांत आमच्याकडेही स्टीनबेक कोपऱ्यात गेली, तिच्यावर चहाचे कप ठेवायला लागलो. संकलक राहिले.

पण तुला खोटं सांगणार नाही. निगेटिव्ह कटर गेले. पांढरे हातमोजे घालून मूळ निगेटिव्ह कापणारी माणसं. चुकीला माफी नव्हती, कारण निगेटिव्ह एकच. असा एक मित्र होता, तीस वर्षांत त्याने एकही फ्रेम चुकवली नव्हती. शेवटी त्याने परळला झेरॉक्सचं दुकान टाकलं.

बावीस मिनिटं

काकांच्या पोस्टवर काय बोलणार. माझ्याकडे आत्ताच फरक दिसतोय. बोललेल्याचा मजकूर काढून देणं, गप्प जागा उडवणं, सिंक लावणं ही कामं मशीन करतं, म्हणजे पूर्वी ज्या कामावर नवीन पोराला वर्षभर घ्यायचे ती. पोरं चारऐवजी दोन लागतात. त्यामुळे चंद्रभागा, आत शिरायची फट बारीक झालीय, हे ऐकून ठेव. मुलाखती आणि युट्यूबचं काम सगळ्यात आधी जाईल. मात्र गप्प जागा उडवणाऱ्या मशीनने तुझ्या पाठवणीतल्या बापाचं काय केलं असतं, विचार कर. आवाज अस्पष्ट, मागे बँड, म्हणून पहिलाच उडवला असता. तुझ्या मालकांसारखाच.

जमाखर्च

मी सीए आहे, तीन-चार एडिटर क्लाएंट आहेत, म्हणून पोट भरतं का या प्रश्नावर थोडं.

फ्रीलान्स एडिटरच्या बिलातून साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो. रिटर्न भरलं नाही तर तो तसाच पडून राहतो. अनेक मुलं "कमाईच नाही तर रिटर्न कशाला" म्हणून स्वतःचे पैसे सरकारकडे सोडतात. प्राप्तिकराच्या नियमांत 'फिल्म आर्टिस्ट'च्या व्याख्येत एडिटर येतो. त्यामुळे वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल तर अनुमानित योजनेत निम्मी जमा उत्पन्न दाखवून मोकळं होता येतं, हिशेबाच्या वह्यांचा जाच नाही. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी २० लाखांपुढे.

आता खरं दुखणं: पैसे वेळेवर न मिळणं. टीव्हीत ९० दिवसांनी पैसे ही रीतच पडून गेलीय. उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) करा, फुकट आणि ऑनलाइन आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म व्यावसायिकाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रार केली तर पुढचं काम मिळत नाही, ही भीती मला माहीत आहे. पण नुसता उद्यम क्रमांक बिलावर छापल्याने माझ्या एका क्लाएंटचे पैसे लवकर यायला लागले, कारण समोरच्या कंपनीलाही मुदत उलटून पुढच्या आर्थिक वर्षात दिलेल्या रकमेची वजावट आधीच्या वर्षी मिळत नाही, आणि हे त्यांच्या अकाउंटंटला ठाऊक असतं.

आणि कामाला सुरुवात करण्याआधी एक ईमेल. किती एपिसोड, किती दर, किती वेळा बदल. व्हॉट्सॲपवरचा अंगठा हा करार धरू नका.

बावीस मिनिटं

+१. माझे एका निर्मात्याकडे ११ एपिसोडचे पैसे बुडाले. नाव घेत नाही. एडिटरांची संघटना आहे मुंबईत, असोसिएशन ऑफ फिल्म अँड व्हिडिओ एडिटर्स. सभासद असतो तर निदान कुणाच्या तरी टेबलावर कागद गेला असता. कार्ड काढायचा आळस नडला.

रानजाई

आणि कामाला मुंबईत येण्याआधी एक कर. शोरीलमध्ये, म्हणजे कामाच्या नमुन्यांत, लग्नं नको. पुण्यात शॉर्टफिल्म करणारी मुलं ढिगाने आहेत आणि एडिटर कुणाकडे नसतो. त्यांचं रॉ फुटेज माग, फुकट काप. एकच सीन दोन प्रकारे काप: एकदा बोलणाऱ्यावरून, एकदा ऐकणाऱ्यावरून. मुलाखतीला तेच दाखव. लग्नातलं फक्त एक ठेव, गाणं नसलेली ती पाठवणी. मालकाने डिलीट केली नसेल तर. आणि नवरीकडच्यांना विचारून.

चंद्रभागा_पॅसेंजर

(पाच महिन्यांनी धागा वर काढतोय.)

सगळ्यांना नमस्कार. अडीच लाख कुणालाच दिले नाहीत. बोअरही मारला नाही, वडिलांनी सध्या विषय काढायचं सोडलंय. पुण्यात दोन शॉर्टफिल्म कापल्या. त्यातल्या एकाच्या ओळखीने मालाडला एका मालिकेच्या एडिट रूममध्ये नाइट शिफ्टला लागलो, रात्री ९ ते सकाळी ७. काम डेटा कॉपी, प्रॉक्सी आणि चहा. पगार सांगत नाही, काका रडतील. पुढच्या वर्षी इन्स्टिट्यूटची परीक्षा द्यायची म्हणून सकाळी लोकलमध्ये वाचतो, म्हणजे वाचता वाचता झोपतो.

मुलाखतीला पाठवणी दाखवली. नवरीला फोन केला होता. ती म्हणाली, "दाखव की. पण मला पण पाठव, आमच्याकडे गाणंवालीच आहे."

एक अडचण आहे. काल ड्रोनवाल्याने २४ वर शूट करून आणलंय, आमची टाइमलाइन २५ ची. मी एडिटरदादांना सांगितलं, ते म्हणाले, टाक तसंच, कुणाला दिसतंय. मला दिसतंय. देवळाच्या कळसावरून पॅन होतो तिथे हिसका येतो. क्लिपच २५ वर इंटरप्रिट करून, म्हणजे त्याच फ्रेम सेकंदाला २५ ने चालवून, घेतली तर चालेल का? आवाज नाहीच ड्रोनला. टेलिकास्ट परवा आहे.

रानजाई

चालेल. किंचित वेगाने पळेल, कळसाला काही फरक पडत नाही. मूळ फाइलला हात लावू नको, वेगळी प्रत करून नाव बदल. आणि दादांना आधी दाखव, परस्पर टाकू नको. बाकी व्यक्तिगत निरोप पाहा.